चौथीतला मुलगा: शाळा बदलावी की तिथंच लढावं?

मानेवाड्याची आई
मुलगा ९ वर्षांचा, इंग्रजी माध्यमात, वर्गात ५२ मुलं. खापरीपासून सीताबर्डीपर्यंतची नागपूर मेट्रोची स्टेशनं ऐकून ऐकून ओळीनं म्हणतो, पण फलाटावरची पाटी वाचता येत नाही. वहीत ‘बी’चा ‘डी’ होतो, मग खोडून खोडून कागदाला भोक पडतं. तपासणीत डिस्लेक्सिया निघाला, म्हणजे वाचण्या-लिहिण्यातली अडचण. शाळा म्हणते, "स्पेशल स्कूल बघा." घरच्यांचं म्हणणं, जवळच्या मराठी शाळेत टाकू, तिथे वर्गात वीसच मुलं आहेत. तुम्ही काय केलं असतं?

प्रतापनगरचा बाबा
अजिबात काढू नका ताई. शाळा तुम्हाला वाट दाखवून नाही, हात झटकून राहिली आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत, त्यात अध्ययन अक्षमता आहे, म्हणजे डिस्लेक्सियाही आला. अशी मुलं लवकर ओळखून त्यांना मदत करायची जबाबदारी शाळेवर टाकली आहे, आणि ती सरकारी मान्यता असलेल्या खाजगी शाळांनाही लागू आहे. तोंडी बोलू नका. लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. एक पोरगं काढलं की पुढच्याचीही पाळी येते.

महालच्या निवृत्त बाई
भाऊ, कायदा खरा आहे, पण मी वर्गात आयुष्य काढलं. पन्नासच्या वर्गात अशा मुलाजवळ बसायला मला दिवसाला चार मिनिटंही मिळायची नाहीत. तुमचा अर्ज फिरेल तोवर त्याची चौथी संपेल. मराठीत अक्षर तसा उच्चार असतो. इंग्रजीत ‘पुट’ आणि ‘कट’ला एकच ‘यू’, दोन आवाज. जोडाक्षरं इथेही अडतील, ‘घ’ आणि ‘ध’ची गल्लत होईल. पण वीस मुलांत बाईंना ती दिसेल तरी. मी असते तर जूनच्या शेवटी शाळा उघडते तेव्हाच बदलली असती.

प्रतापनगरचा बाबा
बाई, माध्यम बदलून डिस्लेक्सिया जात नाही. वर ‘अपूर्णांक’, ‘बाष्पीभवन’ असे शब्द चौथीत नव्यानं शिकायचे. मित्र तुटतील ते वेगळंच.

बाईंचा प्रतिसाद
कोणते मित्र? त्याला वाचायला उभं केलं की हसणारे? हे आधी आईला विचारा.

विशेष शिक्षिका, नंदनवन
दोघांच्या भांडणात एक राहून जातंय. या मुलाला विशेष शाळेची गरजच नाही. त्याची बुद्धी शाबूत आहे. त्याला हवं ते रोज अर्धा तास आवाज आणि अक्षर जुळवून शिकवणारं माणूस, परीक्षेत जास्तीचा वेळ, तोंडी उत्तराची मुभा. शाळा कोणती, हे त्यानंतर. सरकारी रुग्णालयातलं प्रमाणपत्र आत्ताच काढायला घ्या, बोर्डाच्या सवलतींना पुढे तेच लागतं. दोन्ही शाळांच्या मुख्याध्यापकांना एकच विचारा: "हा अर्धा तास कोण देईल?" जिथे माणसाचं नाव सांगतील तिथे ठेवा. मला स्वतःला बाईंचं जास्त पटतं, पण त्या मराठी शाळेत असं कुणी नसेल तर नुसती कमी मुलं उपयोगाची नाहीत.

मानेवाड्याची आई
आज त्यालाच विचारलं, कुठे जायचं? म्हणाला, "जिथे सगळ्यांसमोर वाचायला लावत नाहीत तिथे." बाई, तुमचं बरोबर होतं, हसतात ते. सोमवारी आधी मराठी शाळेत जाते. इथल्या शाळेलाही लेखी अर्ज देणारच, भाऊ. पोच घेऊन.