मदत हवी आहे: दुसरीची मुलं सत्तेचाळीस म्हटलं की ७४ लिहितात

नमस्कार सगळ्यांना. मी जिल्हा परिषदेच्या द्विशिक्षकी शाळेत शिकवते, पाटण तालुक्यात डोंगरावरची शाळा आहे, पहिली दुसरी माझ्याकडे आणि तिसरी चौथी सरांकडे. पहिलीत ९ आणि दुसरीत ११ मुलं, दोन्ही वर्ग एकाच खोलीत. प्रश्न दुसरीच्या गणिताचा आहे, थोडं लांबण लागेल पण नीट सांगितल्याशिवाय कळणार नाही.

मुलं शंभरपर्यंत अंक धडाधड म्हणतात. फळ्यावर ४७ लिहिलं तर बरीचशी वाचतात पण. अडतं ते मी तोंडी संख्या सांगून पाटीवर लिहायला लावते तेव्हा. सत्तेचाळीस म्हटलं की कानावर आधी सात पडतो मग चाळीस, म्हणून आधी ७ लिहायचा आणि पुढे ४. परवा एका मुलीने माझ्यासमोर जमिनीवर दहा-दहा काड्यांचे चार गठ्ठे मांडले, बाजूला सात सुट्या काड्या ठेवल्या, सगळं अगदी बरोबर, आणि पाटीवर ७४ लिहिलं. मी विचारलं गठ्ठे किती, म्हणाली चार. सुटे किती, सात. म्हणजे दशक-एकक तिला कळलंय, ऐकलेलं लिहिताना उलटं होतंय.

दुसरा प्रकार मला जास्त काळजीचा वाटतो. तीन चार मुलं आधी ७ लिहितात आणि मग त्याच्या डाव्या बाजूला ४ बसवतात. वहीत उत्तर बरोबरच दिसतं त्यामुळे तपासताना लक्षातच येत नाही, लिहिताना बघत बसलं तरच कळतं. पण आता शंभरच्या पुढे जायचंय, निपुण भारत अभियानात दुसरीला ९९९ पर्यंत संख्यांचं वाचन-लेखन आहे, आणि एकशे सत्तेचाळीस सांगितलं की ही मुलं १ लिहून मधे जागा सोडतात, ७ लिहितात आणि मग मधल्या जागेत ४ कोंबतात. ही सवय आत्ताच मोडावी का आपोआप सुटते?

एकोणवाल्या संख्यांचं तर विचारूच नका. एकोणतीस म्हटलं की ३९, कारण नऊ आहे हे पाठ झालंय आणि ऐकू तीस येतंय. त्यात ८९ आणि ९९ ला पुन्हा नव्याऐंशी, नव्याण्णव.

२०१९ ला बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात एकवीस, बावीसबरोबर वीस एक, वीस दोन असं वाचन आलं तेव्हा केवढा गदारोळ झाला होता ते आठवत असेल, बालभारतीच्या गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर मॅडमनी तेव्हा त्यामागची कारणं सांगितली होती. मला स्वतःला ती पद्धत काड्या मांडताना उपयोगी वाटते, चाळीस सात म्हटलं की एकही मूल चुकत नाही. पण घरी, दुकानात, एसटीत सगळीकडे सत्तेचाळीसच ऐकायचंय, आणि पालकही विचारतात की बाई हे काय नवीन. तर हे दोन्ही बरोबर कसं चालवता ते सांगा. आणि दुसरीला असं एकेकाजवळ बसून बघायचं तर पहिलीला तेवढा वेळ काय द्यायचं, चित्र रंगवा सांगून सांगून माझंच मन खातं. गणित पेटी आहे शाळेत, पण त्यातले दशक दांडे (दहा दाखवणारे) निम्मे गायब आहेत.

प्रतिसाद १
ताई, संख्या २१ पासून क्रमाने नका घेऊ. दशक कानाला स्पष्ट ऐकू येतो ती घराणी आधी घ्या: वीस, तीस, चाळीस आणि ऐंशी. बेचाळीस, त्रेचाळीस यात चाळीस अख्खं ऐकू येतं. पन्नासचं वन्न आणि पन्न होतं, साठचं सष्ट, सत्तरचं हत्तर, नव्वदचं ण्णव, तिथे मुलाला दशक ओळखताच येत नाही म्हणून ती मागाहून. एकोणवाल्या तर सगळ्यात शेवटी, आणि तेव्हा भिंतीवरचा १ ते १०० चा तक्ता काढून ० ते ९९ चा लावा. त्यात ४९ चाळीसच्या ओळीत बसतो, पन्नासला एक कमी हे मूल बोट ठेवून बघतं.

लिहिण्यासाठी पुठ्ठ्याची कार्डं करा. १०, २० ते ९० ची लांब, १ ते ९ ची त्याच्या निम्मी. सत्तेचाळीस म्हटलं की आधी ४० चं कार्ड उचलायचं, मग त्यातल्या शून्यावर ७ ठेवायचा. पाटी हातात द्यायचीच नाही आधी. आणि हो, उजवीकडून डावीकडे लिहिणाऱ्यांना आत्ताच थांबवा, माझ्याकडे चौथीपर्यंत ते तसंच राहिलेलं बघितलंय.

प्रतिसाद २
आमची शाळा जत भागात, बरीच मुलं कन्नड घरची. त्यांच्यात नलवत्तेळु, म्हणजे चाळीस आधी आणि सात नंतर, त्यामुळे ती मुलं कन्नडमध्ये सांगितलं की बरोबर लिहितात आणि मराठीत सांगितलं की उलटं. म्हणून मी दोन्ही म्हणून घेते, काड्या मांडताना चाळीस सात आणि मांडून झाल्यावर लगेच सत्तेचाळीस. पालकांना एकदा वर्गात बसवून दाखवलं, मग कुणी विचारलं नाही.

पहिलीला गठ्ठे बांधायला द्या ना. खराट्याच्या हिरांचे सारखे तुकडे आणि रबर. दहा मोजायचे, बांधायचे, शेजाऱ्याने सोडून परत मोजायचे. दुसरीला गठ्ठे आयते मिळतात आणि दांडे नसले तरी अडत नाही.

मूळ प्रश्नकर्ती
दोघांचेही मनापासून आभार. कुठलं दशक ऐकू येतं आणि कुठलं नाही हे मी कधी असं वेगळं काढून बघितलंच नव्हतं, आता कळतंय की बहात्तरला सगळा वर्ग का गप्प होतो. सोमवारपासून चाळीसच्या घरापासून सुरू करते, हीर गोळा करायला मुलांना आजच सांगितलंय. कार्डांचं अजून एक सांगा, शंभरचं कार्ड पण आत्ताच करून ठेवू का दोन अंकी पक्कं झाल्यावर आणू? आणि पुठ्ठा लवकर दुमडतो, तुम्ही कशाची करता?