मदत हवी आहे : वस्तीत मानवी हक्कांचे सिनेमे दाखवतोय, नंतरची चर्चा कशी घ्यायची?

नमस्कार मंडळी, मी मानखुर्दला राहते. आम्ही वस्तीतली सातआठ जणं मिळून १० डिसेंबरला, मानवी हक्क दिनाला, गल्लीत पडदा लावून सिनेमे दाखवतो, यंदा दुसरं वर्ष. मागच्या वेळी आनंद पटवर्धनांची 'हमारा शहर' लावली, १९८५ ची, मुंबईतल्या झोपड्या तोडण्यावरची. वाटलं आपल्याच लोकांची गोष्ट आहे, भिडेल. पण घरं पाडतानाचे सीन सुरू झाले आणि बायका एकेक करून उठून जायला लागल्या. आमच्यातल्या बऱ्याच जणांची घरं २००४-०५ च्या तोडकामात गेलीयेत हो, हे मला आधी सुचायला हवं होतं. शेजारच्या मावशी नंतर म्हणाल्या, "अगं हे आम्ही भोगलंय, परत कशाला दाखवतेस? ज्यांनी बघितलं नाही त्यांना दाखव की." त्यात बाहेरून आलेले पाहुणेच माईकवर अर्धा तास बोलले, वस्तीतलं कोणी तोंड उघडलं नाही. ते मला अजून लागून राहिलंय.

यंदा एक दिवस 'फँड्री' नक्की आहे, मराठी आहे, पोरंटोरंही बघतील. दुसऱ्या दिवशी दिव्या भारतींची 'कक्कूस' मनात आहे, २०१७ ची, हाताने मैला साफ करणाऱ्यांवरची. २०१३ च्या कायद्याने हे काम बंद आहे तरी आमच्या गल्लीतली माणसं अजून गटारात उतरतात, म्हणून आधी त्यांच्याच घरी जाऊन विचारणारे, दाखवू का म्हणून. ते नको म्हणाले तर नाही दाखवायची.

पण ती आहे तमिळ, आणि खालची अक्षरं भरभर वाचणं इथे निम्म्या बायकांना जमत नाही. कोणी बाजूला बसून माईकवर मराठीत सांगत सांगत दाखवलंय का? लोक कंटाळतात का त्याने? वेळेचंही गणित बसत नाहीये, पाणी भरून, जेवणं उरकून बायका साडेआठला मोकळ्या होतात आणि दहाला स्पीकर बंद करावा लागतो, त्यात पावणेदोन तासांचा सिनेमा आणि वर चर्चा कशी बसवायची? चर्चा दुसऱ्या दिवशी दुपारी कोणाच्या तरी घरात दहाबारा बायकांत घेतली तर येतील का?

आणि सेन्सॉरचं सर्टिफिकेट नसलेली डॉक्युमेंट्री असं उघड्यावर दाखवायची तर परवानगीचं तुम्ही काय केलंत? दिग्दर्शकांना लिहून विचारणारच आहोत, पण बाकीचं ज्यांनी स्वतः केलंय त्यांनी प्लीज सविस्तर लिहा.