'गाभ्रीचा पाऊस' आणि घरातला पहारा: तुमच्याकडे कोण लक्ष ठेवायचं?

पऱ्हाटी
नागपुरात, प्रतापनगरात सकाळपासून नुसतं भरून येतंय आणि निघून जातंय. शेजारच्या आजी खिडकीतून म्हणाल्या, "गाभ्रीचा पाऊस हा, येत बी नाही न जात बी नाही." (गाभ्रीचा ही आमच्याकडची शिवी.) पोह्याचा कांदा तसाच राहिला. सतीश मनवरांचा त्याच नावाचा 2009चा सिनेमा डोळ्यापुढे आला.

शेजारच्या शेतकऱ्याने जीव दिल्यावर अलकाला वाटतं, आता आपला किसनाही तेच करणार. ती चांगलंचुंगलं रांधते, सासूला लक्ष ठेवायला लावते, लहानग्या दिनूला बापाच्या मागे धाडते. किसनाच्या डोक्यात फक्त पेरणी. हसू येतं. मीही हसले, आणि मग हसूच थांबलं, कारण तो दिनू मी होते.

2005, मी सातवीत. वर्ध्याकडचं गाव. दुबार पेरणीही उलटली. आई मला पाण्याचा गडवा देऊन वावरात पाठवायची. बाबा म्हणायचे, "आत्ताच तर पेलो ना माय!" एका दुपारी पाच गडवे नेले मी. मग धुऱ्यावर बसून राहायचं, ते उठले की उठायचं. कशासाठी ते आईने कधीच सांगितलं नाही.

बाबांच्या कर्जाबद्दल सगळ्यांनी विचारलं. आई रात्र रात्र जागी असायची, तिला कोणीच विचारलं नाही. ज्यांच्या घरी असा पहारा होता त्यांनी लिहा. मला वाचायचंय.

तर्रीवाली
मायबाई. डब्याच्या घाईत आहे, रात्री लिहिते. पाच गडवे 😭

धुरकरी
आमच्याकडे काका. आईनं फवारणीचं औषध गुपचूप दुसऱ्याच्या घरी नेऊन ठेवलं. इकडे कपाशीवर अळी, काका दोन दिवस गोठा, माळा, कोठी उलथीपालथी करून राहिले. "माहं औषध कोणं नेलं बे?" सगळे गप्प. आजी म्हणे, मांजरीनं सांडवलं. पाच लिटरचा डबा! काकाही हसले तेव्हा. खूप महिन्यांनी हसले होते. अळीनं बोंडं खाल्ली ते खाल्लीच, पण काका आहेत. परवाच नातवाला घेऊन मारबत दाखवायला महालात आले होते.

सदरकर
सिनेमात किसना झालेला गिरीश कुलकर्णी म्हणजे 'वळू'मधलाच ना?

पऱ्हाटी
@सदरकर हो तोच. अलका म्हणजे सोनाली कुलकर्णी, सासू ज्योती सुभाष.
@धुरकरी मांजरीनं 😂 तुमच्या आजीला नमस्कार सांगा.

सात एकर
2008ची कर्जमाफी आठवते का कोणाला? 2 हेक्टरपर्यंत, म्हणजे पाचेक एकरापर्यंत, पूर्ण माफ. आमची 7 एकर, सगळी कोरडवाहू. म्हणजे कागदावर आम्ही मोठे शेतकरी. 25 टक्के सूट मिळणार, पण उरलेलं आधी भरा. कुठून भरणार? विहीर नाही, कॅनॉल नाही. ओलिताच्या पाच एकरवाल्याचं माफ आणि आमचं नाही. बाबा त्या दिवशी गावातून आले आणि जेवले नाहीत. आईनं ताट झाकून ठेवलं आणि रात्रभर त्या ताटाजवळ बसली. मी पांघरुणातून बघत होतो. उठून तिच्याजवळ जाऊन बसायला पाहिजे होतं. तेव्हा सुचलं नाही.

पोळी_लाटा
विषय गंभीर आहे, पण चांगलंचुंगलं म्हटल्यावर आठवलं. आमची आई बाबा गप्प झाले की सण नसतानाही पुरण घालायची. आपल्याकडची पोळी, पुरण भरपूर, कणीक नावाला, वर वाटीभर तूप. बाबा विचारायचे, "आज काय आहे वं?" आई म्हणायची, "काही नाही, डाळ उरली होती." किलोभर डाळ उरते का कोणाची!

तर्रीवाली
@पोळी_लाटा माझी पोळी दर वेळी फुटते. कणीक किती वेळ भिजवायची?

पोळी_लाटा
तासभर तरी. सैल भिजव, तेल लावून तिंबत राहा.

काटोल रिटर्न
मी नागपुरात खोली करून राहतो, आईबाबा काटोलकडे. संत्र्याच्या आंबिया बहाराची फळगळ सुरू झाली की बाबांचा फोन छोटा होतो. "जेवला का?" "हो." "ठेवतो." मी आता रोज रात्री नऊला काहीतरी फालतू विचारतो, मोटर किती वेळ चालली, कुत्र्यानं काय केलं. त्यांना वाटतं पोरगं एकटं पडलंय म्हणून फोन करते. ते मला धीर देतात 🙂 तसंच वाटू देतो.

मेडिकल चौक
सिस्टर आहे, ड्युटीवरून लिहिते. पहारा एकट्यानं देऊ नका. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा 14416 नंबर आहे, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलतात. ज्याची काळजी वाटते त्यानंच फोन करावा असं नाही, काळजी करणाऱ्यानंही करावा. आणि माणसाला सरळ विचारा, "जिवाचं काही बरंवाईट मनात येते का?" विचारल्यानं ते डोक्यात भरत नाही. उलट कोणीतरी विचारलं म्हणून लोक रडून मोकळे होतात, मी रोज बघते.

सात एकर
@मेडिकल चौक नंबर लिहून घेतला. आईसाठी.

सदरकर
नरेंद्रनगरच्या पुलाखाली पाणी भरलं का? ऑफिस सुटतंय.

धुरकरी
पाऊसच कुठाय भाऊ.

पऱ्हाटी
सगळं वाचलं, दोनदा. दुपारी आईला फोन केला. म्हटलं, मला गडवा घेऊन कायले धाडायची तू? आधी म्हणाली, "कोणता गडवा?" मग बराच वेळ काही बोलली नाही. बाबा मागे टीव्ही बघत होते, आवाज येत होता. मग हळूच म्हणाली, "दुसरं कोण होतं माह्याजवळ? तू लई लहान होती वं. ऊन लागत असंल तुले."

शनिवारी गावी जातेय. या वेळी पुरण मी घालणार.

पोळी_लाटा
डाळ रात्री भिजवू नकोस, दोन तास पुरे.