'उरलेलं' म्हणजे बॅलन्स की रिमेंडर?

खतावणी: काल इथे कुणीतरी ठणकावलंय की 'बॅलन्स काम उद्या करतो' हे अडाणी इंग्रजी, 'रिमेंडर' म्हणा. डोकं फिरलं. बॅलन्स म्हणजे मूळ लॅटिन 'बिलांक्स', दोन पारड्यांचा तराजू. जमा-नावे दोन्ही बाजू जुळाव्यात म्हणून हलक्या बाजूला जो आकडा भरावा लागतो, तो बॅलन्स. इटालियन गणिती पाचोलीने १४९४ मध्ये व्हेनिसला द्विनोंदी पद्धत (प्रत्येक व्यवहार जमा आणि नावे दोन्हीकडे लिहायचा) छापली, व्यापारी त्याआधीपासून वापरतच होते. म्हणजे 'उरलेलं' हा अर्थ वहीतूनच आला. अडाणी कोण?

शुद्धलेखक: ठणकावणारा मीच. पैशाला खुशाल म्हणा. कामाला पारडी कुठली? एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतले भाषापंडितही 'दिवसाचा बॅलन्स' म्हणणाऱ्यांना झोडपत होते. मी एका परदेशी ग्राहकाला 'बॅलन्स वर्क शुक्रवारी' असं कळवलं, तर त्याने विचारलं, 'कशाचा तोल साधताय?' तेव्हापासून कानाला खडा.

खतावणी: एका ग्राहकाला कळलं नाही म्हणून शब्द चूक? शब्दकोशांत हा अर्थ आहे, उघडून बघा.

तिसरी घंटा: मुळात घोळ वेगळाच आहे. आपण 'शिल्लक' आणि 'बाकी' वेगळं ठेवतो. शिल्लक हातात, बाकी देण्याघेण्यात. बॅलन्समध्ये दोन्ही कोंबलंय. साहेबांनी 'बॅलन्स किती?' विचारलं, मी खात्यातली रक्कम सांगितली. त्यांना थकबाकी हवी होती. अख्ख्या बैठकीत शोभा झाली.

भागाकार: रिमेंडर फक्त भागाकारात! १७ भागिले ५, बाकी २. बाकीच्यांनी हात लावू नये.

कोडवाला: मग उणे १७ भागिले ५?

भागाकार: बाकी ३. उणे २० अधिक ३. बाकी कधी ऋण नसते.

कोडवाला: सी या संगणकाच्या भाषेत उणे २ येतं, भागाकार शून्याच्या दिशेने छाटतात म्हणून (उणे ३.४ चे उणे ३). पायथन या दुसऱ्या भाषेत ३. रात्री दोनपर्यंत हाच बग शोधत बसलोय, मला शिकवू नका.

भागाकार: यंत्र चुकलं म्हणून गणित बदलायचं?

कोडवाला: यंत्र चुकलेलं नाही, नियम वेगळा आहे! वीस वर्षं एकच पाठ्यपुस्तक वाचल्यावर असंच होतं.

भागाकार: वय काढू नका.

शुद्धलेखक: शब्दकोश उघडला. आहे तो अर्थ, खतावणीमहाराजांचा विजय असो. मी मात्र पत्रात लिहिणार नाही. आणि ऋण बाकीवाल्यांनो, वेगळा धागा काढा.

कोडवाला: काढतो. उत्तर उणे २च.