ट्रॅकसाठी छोटी हॅचबॅक तयार करताना इंजिनाला सर्वांत शेवटी हात लावावा, हे आपणांस पटते का?

वळणवाट (मूळ मांडणी)

स्वस्तातली, पुढच्या चाकांवर चालणारी छोटी हॅचबॅक घेऊन ट्रॅक-डेला, म्हणजे रेसिंग ट्रॅकवर आपापली गाडी चालवण्याच्या दिवशी, जाण्यामागचा हिशेब सोपा असतो. गाडी हलकी असते, टायर लहान असतात, सुटे भाग सहज मिळतात आणि काही बिघडलेच तरी महिनाभर झोप उडावी असे नुकसान होत नाही. घोटाळा सुरू होतो तो पहिल्या ट्रॅक-डेनंतर. सरळ पट्ट्यावर मोठ्या गाड्या एकामागून एक पुढे निघून गेलेल्या असतात, त्यामुळे परतताना डोक्यात एवढेच घोळत असते की आपले इंजिन कमी पडते. मग एअर फिल्टर, एक्झॉस्ट आणि ईसीयूचे (इंजिन चालवणाऱ्या संगणकाचे) रीमॅपिंग, म्हणजे त्यातले आकडे बदलून ताकद वाढवणे, ही ठरलेली वाट धरली जाते. माझ्या मते हा क्रम उलटा आहे; आधी ब्रेक, मग टायर, मग सस्पेन्शन, आणि एवढे झाल्यावरही हौस उरली तरच इंजिन.

थोडे गणित मांडतो. चालकासह 900 किलो भरणारी गाडी ताशी 60 किलोमीटरवरून पूर्ण थांबवायची तर ब्रेकना साधारण 125 किलोज्यूल ऊर्जा पचवावी लागते. तीच गाडी ट्रॅकवर 140 वरून 60 वर आणायची तर हा आकडा 556 किलोज्यूलच्या घरात जातो. यातला सत्तर टक्के भार पुढच्या दोन डिस्कवर (चाकाबरोबर फिरणाऱ्या, ब्रेकच्या धातूच्या चकत्यांवर) येतो आणि प्रत्येक डिस्क चार किलोची आहे असे धरले, तर त्या एकाच ब्रेकिंगमध्ये डिस्कचे तापमान सुमारे शंभर अंशांनी चढते. रस्त्यावर असा ब्रेक क्वचित लागतो. ट्रॅकवर तो दर लॅपला चार-पाच वेळा लागतो आणि मधल्या काळात डिस्कला थंड व्हायला पुरेसा अवधी मिळत नाही.

माझ्या दुसऱ्याच ट्रॅक-डेला सहाव्या लॅपमध्ये पेडल नेहमीपेक्षा बोटभर खाली गेल्याचे मला जाणवले होते, पण मी त्याकडे काणाडोळा केला. पुढच्या वळणाआधी ते थेट तळाला टेकले. दोन-तीनदा भराभर दाबल्यावर थोडा जोर आला, तोवर गाडी कडेच्या खडीत शिरून थांबली होती. ब्रेक ऑइल तीन वर्षांचे जुने होते. हे ऑइल हवेतली ओल शोषत राहते. डॉट 4 प्रतीचे ताजे ऑइल किमान 230 अंश सेल्सिअसपर्यंत उकळू नये असा मानकाचा दंडक आहे, पण ओल मुरलेल्या ऑइलसाठी हीच मर्यादा 155 वर येते. उकळले की त्यात वाफेचे बुडबुडे होतात, आणि पेडल दाबले की ब्रेकऐवजी ते बुडबुडेच दबतात.

चौथा गिअर

असहमत आहे. ब्रेक महत्त्वाचे आहेत हे कोणीच नाकारत नाही, परंतु आपल्या गणितातला 140 हा आकडा कुठून आला? ऐंशी अश्वशक्तीची गाडी मध्यम लांबीच्या पट्ट्यावर पुढचे वळण येईपर्यंत तिथवर पोहोचेलच असे नाही. मूळ ब्रेक हे मूळ इंजिनाच्या ताकदीला साजेसेच दिलेले असतात. आपली फजिती झाली ती ब्रेक लहान म्हणून नव्हे, ऑइल जुने म्हणून. ती देखभालीतली चूक होती, आणि तिच्यावरून संपूर्ण क्रम ठरवणे मला योग्य वाटत नाही.

शिवाय छोट्या गाडीला दमदार करण्याची परंपरा इंजिनापासूनच सुरू होते. 1959 साली आलेल्या मिनी या छोट्या ब्रिटिश गाडीत 848 सीसीचे, 34 अश्वशक्तीचे इंजिन होते. जॉन कूपर यांच्या संघाने 1959 आणि 1960 अशी लागोपाठ दोन वर्षे फॉर्म्युला वनचे निर्मात्यांचे विजेतेपद मिळवले होते, आणि त्यांना या गाडीत काय दिसले? 1961 च्या मिनी कूपरमध्ये इंजिन 997 सीसीचे आणि 55 अश्वशक्तीचे झाले. पुढे 1964 साली तिच्याच कूपर एस या आवृत्तीने मोंटे कार्लो रॅली जिंकली. केवळ ब्रेक ऑइल बदलून हे झाले नसते.

आणखी एक. आजच्या छोट्या टर्बो (जास्तीची हवा दाबून भरणाऱ्या) इंजिनांत रीमॅपिंगने जाणवेल असा फरक पडतो. टर्बो नसलेल्या इंजिनात तो नगण्य असतो हे मान्य, पण सगळ्यांना एकाच मापाने मोजू नये.

वळणवाट

कूपरचे उदाहरण आपण अर्धेच दिलेत. त्याच 1961 च्या गाडीत पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक आले. मूळ मिनीला चारही चाकांना ड्रम होते. म्हणजे ज्यांना रेसिंग कळत होते त्यांनी ताकद वाढवताना ती आवरण्याची सोयही त्याच वेळी केली. 140 च्या आकड्याबद्दल मात्र आपला आक्षेप मान्य करतो. तो माझ्या नेहमीच्या ट्रॅकवरच्या लांब पट्ट्याचा आहे. पट्टा आखूड असेल तर उष्णता कमी होईल, पण ब्रेकना मिळणारा विसावाही कमी होईल.

पाना नंबर १३

आपल्या दोघांच्या वादात गाडी बाजूलाच राहिली आहे. माझ्या हाताखालून अशा बऱ्याच गाड्या गेल्या, आणि त्यांतल्या निम्म्याहून अधिक गाड्या मालकांनी स्वतः बिघडवून आणलेल्या होत्या. इंजिन किंवा ब्रेक यांच्यामुळे नव्हे, तर गाडी जमिनीलगत बसवण्याच्या हौसेपायी.

बहुतेक छोट्या हॅचबॅकना पुढे मॅकफर्सन स्ट्रट, म्हणजे स्प्रिंग आणि शॉकअब एकत्र असलेला उभा खांब, असतो. त्याचा लोअर आर्म, म्हणजे चाकाला गाडीशी जोडणारा खालचा दांडा, मूळ उंचीवर चाकाकडे किंचित उतरता किंवा जवळपास आडवा असतो. आखूड स्प्रिंग घालून गाडी फार खाली आणली की या आर्मचे चाकाकडचे टोक वर जाते आणि ज्या बिंदूभोवती गाडी कलते तो रोल सेंटर, गाडीचा गुरुत्वमध्य जितका खाली येतो त्याहून बराच अधिक खाली सरकतो. दोहोंमधले अंतर वाढते, म्हणजे गाडीला कलवणारी तरफ लांब होते. दिसायला गाडी बुटकी होते, वळणात मात्र ती अधिक कलू पाहते. ते रोखायला आणखी कडक स्प्रिंग घालावी लागते, आणि ती पेलण्याची कुवत मूळच्या शॉकअबमध्ये नसते. गाडी थोडी खाली घ्यायला हरकत नाही, परंतु लोअर आर्मचा कोन पाहिल्याशिवाय किती घ्यायची ते ठरवू नये.

वजनाचेही तसेच. ‘वजन उतरवा’ हा सल्ला सगळे देतात, पण स्वस्त गाडीत उतरवण्यासारखे असते तरी काय? मागची सीट, स्टेपनी, जॅक आणि थोडे अस्तर मिळून चाळीस-पंचेचाळीस किलो. हे सगळे मागच्या बाजूचे. 900 किलोच्या गाडीचा 62 टक्के भार आधीच पुढे असेल, तर मागून 45 किलो काढल्यावर तो 65 टक्क्यांच्या पुढे जातो. वजनातली घट प्रवेग आणि ब्रेकिंग दोन्हींत उपयोगी पडते यात शंका नाही, पण हलकी झालेली मागची चाके जोरात ब्रेक लावताना लवकर सुटू लागतात, हे हातात स्टिअरिंग असलेल्याला ठाऊक असले पाहिजे.

मोजमाप

मला वाटते, मूळ मांडणीत टायरला दुसरे स्थान देऊन त्यांच्यावर अन्याय झाला आहे. पन्नास मीटर त्रिज्येचे वळण घ्या. टायर गुरुत्वाच्या 0.9 पट बाजूचा जोर पेलत असतील, तर ते वळण ताशी सुमारे 76 किलोमीटर वेगाने घेता येते. पकड 1.05 पट झाली तर तोच वेग 82 च्या आसपास जातो. हे सहा किलोमीटर केवळ वळणापुरते नसतात. पुढच्या संपूर्ण पट्ट्यावर ती शिल्लक आपल्या सोबत येते. टर्बो नसलेल्या छोट्या इंजिनात कोणताही एक्झॉस्ट बसवून एवढी कमाई होत नाही.

यासाठी महागडे उपकरणही लागत नाही. टायरच्या कडेवर, जिथे नक्षी संपून बाजूची भिंत सुरू होते तिथे, खडूने एक आडवी रेघ ओढावी आणि चार लॅप मारून यावे. रेघ भिंतीपर्यंत पुसली गेली असेल तर टायर वळणात दुमडत आहे, म्हणजे हवेचा दाब कमी आहे किंवा चाकाला पुरेसा कॅम्बर, म्हणजे वरच्या बाजूने आतला कल, नाही. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत बाहेरच्या बाजूचे पुढचे टायर सर्वांत आधी असे खाल्ले जाते, कारण वळवणे, ओढणे आणि थांबवण्याचा मोठा वाटा ही तिन्ही कामे त्याच्याच माथी असतात. दाब मोजायचा तो गाडी पिटमध्ये येताक्षणी, टायर गरम असताना. सकाळी थंड टायरमध्ये भरलेला आकडा दुपारी काहीच सांगत नाही.

पाना नंबर १३

टायरच्या मताशी सहमत, मात्र सेमी-स्लिक, म्हणजे कमी नक्षीचे चिकट टायर, घालण्याआधी इंजिनाखालच्या तेलाचा विचार करावा. वळणातला जोर वाढला की संपमधले, म्हणजे इंजिनाच्या तळच्या भांड्यातले, तेल एका बाजूला चढते आणि लांब वळणात पंपाच्या तोंडाशी तेलाऐवजी हवा येते. कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगला असे दोन-तीन सेकंद कोरडे काढावे लागले, तर पुढे जो टकटक आवाज येतो तो कोणताही रीमॅप बरा करू शकत नाही. तेलाची पातळी डिपस्टिकच्या वरच्या खुणेपाशी ठेवावी, आणि टायर खरोखर चिकट असतील तर संपमध्ये आडवे पत्रे, म्हणजेच बॅफल, बसवून घ्यावेत.

शेजारची सीट

मी नवख्या चालकांच्या शेजारी बसून त्यांना शिकवतो, त्यामुळे माझा प्रतिसाद स्वार्थी समजावा. आतापर्यंतच्या चर्चेत ज्याचा उल्लेख आला नाही आणि ज्याने मला सर्वाधिक घाम फोडला आहे, तो बदल म्हणजे अर्धवट सुरक्षा. मूळ सीट तशीच ठेवून तिला चार पट्ट्यांचा हार्नेस लावतात. पायांमधून येणारा पट्टा नसल्याने समोरून धडक बसली की कमरेचा पट्टा पोटावर सरकतो आणि शरीर त्याखालून निसटू पाहते. गाडी उलटली तर साध्या तीन-बिंदू पट्ट्यात शरीर बाजूला झुकू शकते. हार्नेस मात्र माणसाला ताठ धरून ठेवतो, आणि वरून छत खाली येत असते. म्हणून हार्नेस, त्याला साजेशी सीट आणि रोल केज (गाडीच्या आतला लोखंडी पाइपांचा पिंजरा) हे तिन्ही एकत्र तरी घ्यावेत, नाहीतर कंपनीचा पट्टा आणि एअरबॅग यांना हात न लावता गाडी चालवावी. त्यातही केज बसवलेली गाडी रोज रस्त्यावर हेल्मेटविना चालवणे मला मंजूर नाही, कारण कानाजवळचा तो लोखंडी पाइप किरकोळ धडकेतही डोके फोडू शकतो.

मूळ प्रश्नाबद्दल म्हणाल, तर मी धागाकर्त्यांच्या बाजूचा आहे, पण माझे कारण निराळे आहे. कमी ताकदीच्या गाडीत चूक केली की तिचा हिशेब लगेच मिळतो. वळणात वेग घालवला तर तो परत मिळवायला पूर्ण पट्टा खर्ची पडतो, त्यामुळे चालक वेग राखायला शिकतो. ताकद वाढवली की तीच चूक ॲक्सिलरेटरखाली झाकली जाते.

चौथा गिअर

झाकली जाते हे मान्य, पण मी परीक्षा द्यायला ट्रॅकवर जात नाही. शनिवारी दुपारभर गाडीखाली झोपून हात काळे करणे हा माझ्या लेखी या छंदाचा निम्मा भाग आहे, आणि दर वेळी नवे ब्रेक ऑइल भरून ती भूक भागत नाही. रीमॅप माझ्या गाडीत राहील. तेलाचा मुद्दा मात्र माझ्या ध्यानातच आला नव्हता. आमच्या ट्रॅकवर शेवटचे उजवे वळण चांगलेच लांब आहे आणि तिथून बाहेर पडताना तेलाचा दिवा क्षणभर लुकलुकतो. आजवर मी तो वायरिंगचा दोष समजत होतो.

पाना नंबर १३

तो वायरिंगचा दोष नाही. पुढच्या ट्रॅक-डेची वाट न पाहता आधी तेलाची पातळी पाहा, मग संप उतरवून त्याच्या तळाशी धातूची चमक दिसते का ते बोटाने चाचपा. दिसली तर गाडी सुरूसुद्धा करू नका.