जुन्या लेलँड ३७० वर बदली स्टार्टर बसतो, पण दाते खातो

क्रशर_जनसेट
जनसेटवरचं (जनरेटर चालवणारं) अशोक लेलँड ३७० इंजिन, सहा सिलिंडर, २४ व्होल्ट. मूळ स्टार्टरचं आर्मेचर जळालं म्हणून दुसरा, फोर्कने पिनियन (स्टार्टरच्या टोकाचं छोटं दातेरी चाक) ढकलणारा बसवला. तीनही बोल्ट बसले, स्पिगॉटही (भोकात बसणारा गोल खांदा) घट्ट आहे आणि दोन्ही पिनियनना दाते १०. तरी बटण दाबलं की आधी घर्रर्र, मग एकदम धाडकन पकड. इंजिन चालू झाल्यावर कधीकधी पिनियन मागे येत नाही. पंधरा-वीस स्टार्टमध्ये पिनियनच्या तोंडाचे टवके उडाले. रिंग गियर (फ्लायव्हीलवरची मोठी दातेरी कडी) बदलायची वेळ आली आहे का?

वायरमन_२४व्होल्ट
आधी व्होल्टेज बघा. क्रँकिंग चालू असताना (स्टार्टर इंजिन फिरवत असताना) मीटरची एक पिन स्टार्टरच्या मोठ्या स्टडवर आणि दुसरी स्टार्टरच्या बॉडीवर धरा. १८ च्या खाली जात असेल तर बॅटरी किंवा केबल. मग बॅटरीचं निगेटिव्ह टोक ते स्टार्टर बॉडी मोजा. तिथे अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अर्थिंग खराब. फ्लँजच्या (स्टार्टर बोल्टने आवळतो त्या कडेच्या) तोंडावर रंग राहिला असेल तर खरवडून काढा, रंगातून करंट जात नाही.

आणखी एक. या प्रकारच्या स्टार्टरचं सोलेनॉइड (फोर्क ओढणारं विद्युतचुंबक) खेचताना क्षणभर भरपूर करंट घेतं. पॅनलवरचं साधं पुशबटण ते फार दिवस सोसत नाही. आतले कॉन्टॅक्ट चिकटले की बटण सोडल्यावरही सोलेनॉइड सुटत नाही आणि पिनियन आत अडकून राहतं. मध्ये २४ व्होल्टचा स्टार्टर रिले घाला, म्हणजे मोठा करंट बटणातून न जाता रिलेतून जाईल.

घासत असेल तर तूर्त फ्लँजखाली एखादा वायसर टाकून बघायलाही हरकत नाही.

टर्नर_फिटर
वायसर अजिबात नको. एका बोल्टखाली वायसर गेला की स्टार्टर तिरका बसतो, पिनियन दात्यांच्या एकाच कडेवर चालतं आणि शेवटी स्टार्टरच्या नाकाडाचं (पिनियनकडच्या टोकाचं) कास्टिंग तडकतं. शिवाय तुम्हीच वर सांगितलेलं अर्थिंग बिघडतं ते वेगळंच.

जनसेटवाले भाऊ, रिंग बदलायच्या आधी स्टार्टर काढून त्या भोकातून टॉर्च मारा. बॅटरीची निगेटिव्ह केबल आधी सोडा. इंजिन हाताने फिरवून रिंगची झीज पूर्ण फेरीभर बघा. सहा सिलिंडरचं इंजिन बंद होताना ढोबळमानाने तीनच ठिकाणी थांबतं, म्हणून वयाची झीज रिंगवर तीन पट्ट्यांत दिसते. पूर्ण फेरीभर सारखेच ओरखडे असतील तर ती झीज नाही, जोडी चुकली आहे.

दाते १० आणि १० म्हणजे जोडी जुळली असं नाही. दात्याचं माप दोन तऱ्हेचं सापडतं: ३ मॉड्यूल आणि ८/१० डीपी. मॉड्यूल म्हणजे चाकाच्या व्यासाला दात्यांनी भागून येणारे मि.मी., डीपी म्हणजे व्यासाच्या एका इंचामागे दाते; ८/१० मध्ये दात्यांचं अंतर ८ चं आणि उंची १० ची. ८ डीपी म्हणजे मॉड्यूलमध्ये ३.१७५. एका दात्यापासून पुढच्या दात्याचं अंतर ३ मॉड्यूलला ९.४२ मि.मी., ८ डीपीला ९.९७. अर्ध्या मिलिमीटरचा फरक डोळ्यांना दिसत नाही, पण लोड आला की कळतो. पिनियनचा बाहेरचा व्यास मोजूनही काही हाती लागत नाही, कारण १० दात्यांना हिशेबाने एकाचा ३६ आणि दुसऱ्याचा ३६.८ येतो, त्यात पिनियनचे दाते मुद्दाम थोडे उंच कापलेले असतात.

म्हणून रिंग मोजा. व्हर्नियरने एका दात्याच्या टोकाच्या मध्यापासून पुढच्या पाचव्या दात्याच्या टोकाच्या मध्यापर्यंत सरळ अंतर घ्या. साधारण ३६० व्यासाच्या रिंगवर ३ मॉड्यूलला ४८ च्या आसपास येईल, ८ डीपीला साडेपन्नासच्या जवळ. मग खडूची खूण करून पूर्ण रिंगचे दाते मोजा.

क्रशर_जनसेट
पाच दात्यांचं माप तीन ठिकाणी घेतलं: ४७.८, ४७.९, ४७.८. रिंगला दाते ११८. ओरखडे फेरीभर सारखे, आणि दात्यांच्या कडा फक्त पिनियन घुसते त्या बाजूने उडालेल्या. केबल ७० चौ.मि.मी., क्रँकिंगला २०.४ व्होल्ट मिळतात.

टर्नर_फिटर
मग इलेक्ट्रिकल बाजू ठीक आहे. रिंग ३ मॉड्यूल, ११८ दाते. आता भंगारवाल्याकडून ३ मॉड्यूलच्या तुटक्या रिंगचा चार-पाच दात्यांचा तुकडा आणा आणि पिनियन त्यावर हाताने फिरवा. एक दाता बसल्यावर पुढचा कडेवर चढत असेल तर तुमचा ड्राइव्ह (पिनियन असलेला पुढचा भाग) ८/१० चा आहे. पिनियन मागे न येण्याचं कारणही बहुतेक हेच, दाते पाचरीसारखे अडकतात.

अख्खा स्टार्टर फेकू नका. एकाच बॉडीत वेगवेगळे ड्राइव्ह येतात. ३ मॉड्यूल, १० दाते, तीच स्प्लाइन (शाफ्टवर बसायच्या खाचा) आणि तीच फिरण्याची दिशा असलेला बेंडिक्स (दुकानात ड्राइव्हलाच म्हणतात) मागा. ११ दात्यांचा कुणी गळ्यात मारला तर घेऊ नका. १० ला मध्य-अंतर, म्हणजे रिंगच्या केंद्रापासून पिनियनच्या केंद्रापर्यंत, (११८ + १०) × ३ ÷ २ म्हणजे १९२ येतं, ११ ला १९३.५. हाउसिंगचं भोक काही दीड मिलिमीटर सरकणार नाही. गंमत म्हणजे ११२ दात्यांच्या ८ डीपी रिंगला १० दात्यांचं पिनियन धरलं तर हेच अंतर १९३.७ येतं, त्यामुळे बाहेरून दोन्ही स्टार्टर भाऊभाऊ दिसतात.

दिशा बघताना पिनियनच्या तोंडाकडून बघा. फ्लायव्हीलकडून पाहिल्यावर इंजिन घड्याळाच्या उलट फिरत असेल आणि स्टार्टर इंजिनच्या बाजूला असेल तर पिनियन घड्याळाच्या दिशेने फिरलं पाहिजे.

वायरमन_२४व्होल्ट
वायसरचा सल्ला मागे घेतो. पण रिले घालाच.

टर्नर_फिटर
रिलेला पूर्ण पाठिंबा. ड्राइव्ह बदलल्यावर एक माप राहतं. हाउसिंगच्या तोंडापासून रिंगच्या कडेपर्यंतची खोली आणि स्टार्टरच्या फ्लँजपासून मागे बसलेल्या पिनियनच्या तोंडापर्यंतचं अंतर, या दोन्हींत साधारण ३ मि.मी. फरक हवा. कमी असेल तर चालत्या इंजिनवर पिनियन रिंगला घासेल.

रिंगच्या उडालेल्या कडा बारीक कानसीने तिरक्या करून घ्या, दात्याच्या पोटाला हात लावू नका. नंतर स्टॉप लिव्हर ओढून, म्हणजे इंजिन पेटणार नाही असं बघून, पाच-पाच सेकंद क्रँक करा. प्रत्येक वेळी अर्धा मिनिट थांबा. तीन खेपांनंतर स्टार्टर खाली उतरवून पिनियनवरचा चकाकता पट्टा बघा. तो दात्याच्या पूर्ण रुंदीवर आला असेल तर बोल्ट कसून मोकळे व्हा.