मदत हवी आहे: गीझरच्या प्रकारानंतर बाबा बदललेत (नाशिक)

वैतागलेला_नाशिककर: लवकर सांगा प्लीज. गीझरच्या त्या प्रकारानंतर बाबा ठणठणीत होते. चार दिवसांपासून भलतंच चाललंय. एका पायात स्वतःची चप्पल, दुसऱ्यात आईची. पेपर घेऊन बसतात, पान उलटत नाहीत. दुधाचा हिशोब ज्यांच्या तोंडावर, ते काल विचारतात, दूध कोण आणतं? चांगला मानसोपचारतज्ज्ञ सुचवा.

गोदाकाठ: कुठला प्रकार? शॉक बसला का? वय?

सिडकोवाली: बी-१२ तपासा. सासूबाईंचं अस्संच होतं, इंजेक्शनं घेतली, आता भिशीचे पैसे त्याच मोजतात.

वैतागलेला_नाशिककर: शॉक कुठला, गॅस गीझर! वय ६४. थंडी म्हणून बाथरूमच्या खिडकीला पुठ्ठा लावला होता. बेशुद्ध सापडले. ऑक्सिजन लावला, दुसऱ्या दिवशी घरी. बोटाच्या मशीनवर तर आधीपासून ९८ होतं. बी-१२ नको, डॉक्टर सांगा.

सौरमित्र: सोलर बसवा. नाशिकला उन्हाला तोटा नाही.

गोदाकाठ: पहाटे पाचला ऊन? असो. हे कधी झालं, ते सांगाल का?

वैतागलेला_नाशिककर: तीन आठवडे.

निफाडचा_बागाईतदार: मग हे आधी लिहायचं ना राव! मेहुणा कोळशाची शेगडी खोलीत घेऊन झोपला होता. वाचला, पंधरा दिवस बागेत कामही केलं, आणि मग बोलणंच बंद. कार्बन मोनॉक्साइडचा मेंदूवरचा परिणाम असा मागाहून येतो, बहुधा २ ते ४० दिवसांत. मधल्या काळात माणूस अगदी बरा दिसतो. ते ९८ विसरा, साध्या ऑक्सिमीटरला हा वायू चिकटलेलं रक्तही ऑक्सिजनवालंच वाटतं. न्यूरॉलॉजिस्ट गाठा, एमआरआय होईल. पाय घासत चालतात का? लघवीचं भान?

वैतागलेला_नाशिककर: घासत चालतात. परवा गादीत झाली. आई म्हणाली कुठे लिहू नकोस.

प्राणवायू_प्रेमी: थेट मुंबईला न्या, हायपरबॅरिक चेंबर. ऑक्सिजन दाबाने देतात.

गोदाकाठ: रक्तातला वायू मास्कवर तासा-दीड तासात निम्मा होतो, तो तेव्हाच गेला. २००२ च्या गाजलेल्या चाचणीत चेंबरची सत्रं पहिल्या २४ तासांत दिली होती. तीन आठवड्यांनी धावपळ करायची की नाही, ते न्यूरॉलॉजिस्टला ठरवू द्या.

प्राणवायू_प्रेमी: तुम्ही डॉक्टर आहात का?

गोदाकाठ: तुम्ही आहात?

निफाडचा_बागाईतदार: भांडण नंतर. दादा, डिस्चार्ज कार्ड न्या आणि गॅसचं पहिल्या वाक्यात सांगा. आम्ही सांगितलं नाही, महिनाभर डिप्रेशनच्या गोळ्या चालल्या. मेहुण्याला वर्ष लागलं. आता ट्रॅक्टर चालवतो, पण छाटणीची तारीख अजून बहिणीलाच विचारतो.

वैतागलेला_नाशिककर: उद्या सकाळी ११ ची वेळ मिळालीय. पुठ्ठा आत्ताच काढला.

सिडकोवाली: बी-१२ पण करून घ्या हं.

सौरमित्र: गीझर किती लिटरचा होता?